मिक्स्ड मीडिया जर्नलचं किट: कागद आणि जेसोचे पैसे वसूल, बाकीचं शिलाईच्या डब्यात होतंच

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. रंग, कापड, कागद, दोरा असं सगळं एकाच पानावर लावून वही करायच्या १,६५० रुपयांच्या या किटमध्ये दोनच वस्तू खऱ्या कामाच्या आहेत, रिंगवाल्या वहीचा जाड कागद आणि जेसोची, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या हाताची, बाटली. त्या दोन्ही इतक्या कामाच्या निघाल्या की बाकीच्या सामानाचा मी राग धरलेला नाही. पण या दोनच वस्तू सुट्या मिळाल्या असत्या तर मी आणखी एक जोडी भाचीसाठी मागवली असती. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशीच किटं ऑनलाइन चार जण थोड्याफार फरकाने विकतात, आणि मी जे लिहिते आहे ते त्यातल्या कुठल्याही किटला लावून पाहता येईल.

मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतच संपला. हे वेड मुलीने लावलं. ती वर्ध्याला कॉलेजात आहे, तिने मोबाइलवर एका बाईची वही दाखवली. रंग, कापडाचे तुकडे, जुन्या चिठ्ठ्या, दोरा, बटण, हाताने लिहिलेल्या चार ओळी, सगळं एकाच पानावर थरावर थर. मी म्हटलं, हे तर माझ्या मशीनखालचं कातरण झालं. ती म्हणाली, "तेच तर आई, तुझ्याकडे सामान तयारच आहे." मग सामान तयार असताना १,६५० कशाला, हे मी तिला तेव्हा विचारायला हवं होतं, पण पोरीच्या उत्साहापुढे बोलवत नाही.

किटचा विषय ठरलेला आहे. स्वतःचा एक संकल्प घ्यायचा आणि त्याचं पान करायचं. सोबतच्या पुस्तिकेत नमुने दिले आहेत, रोज ध्यान करीन, साखर सोडीन, स्वतःवर प्रेम करीन वगैरे. आता वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला व्रताची काय नवलाई? सेवाग्रामच्या आश्रमात प्रार्थनेत गांधीजींची एकादश व्रतं म्हणतात. शाळेच्या सहलीला आम्हीही बसून म्हटली होती. त्यातलं अस्वाद, म्हणजे जिभेचे चोचले सोडणं, माझ्याने या जन्मी होणार नाही, आणि अपरिग्रहाचं, म्हणजे साठा न करण्याचं, म्हणाल तर माझा चिंध्यांचा पेटारा येऊन बघा. म्हणून मी मोठ्या व्रताच्या नादी लागले नाही. माझा संकल्प साधा आहे. टपालात स्वतःच्या नावाने आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक पैसे भरायचं खातं, उघडली आहे, महिन्याला ५०० रुपये, तेही शिवणाच्या पैशातूनच. घरखर्चातून काढायचे नाहीत, यांच्याकडून घ्यायचे नाहीत. पाच वर्षांनी त्यातून इंटरलॉक मशीन घ्यायची.

ज्यांना आरडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण माझं पान सगळं याच हिशोबावर उभं आहे. टपालाची आरडी पाच वर्षांची असते, म्हणजे ६० हप्ते. महिन्याला १०० रुपयांपासून पुढे दहाच्या पटीत कितीही भरता येतात. मी उघडली तेव्हा व्याज ६.७ टक्के होतं, तिमाहीला चक्रवाढ. माझे ३०,००० भरून झाले की हातात ३५,६०० च्या वर येतात. खातं महिन्याच्या पहिल्या पंधरा दिवसांत उघडलं असेल तर दर महिन्याचा हप्ता १५ तारखेच्या आत भरायचा. चुकला तर शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे मला पाच रुपये. दंड जिवावर येण्याइतका नाही, तिथेच तर गोम आहे. पाचच रुपये म्हणून माणूस या महिन्याचं पुढच्या महिन्यावर टाकतो, आणि चार हप्ते चुकले की खातं अडकतं. शिवाय १२ हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, हे गावात सगळ्यांना पाठ आहे. पेरणीच्या तोंडावर घरात त्याची आठवण कोण काढणार हेही मला पाठ आहे.

किट येण्याची कथा थोडक्यात. कुरिअरवाल्याने समुद्रपूरहून फोन केला, येऊन घेऊन जा म्हणाला. मी नाही म्हटलं. विकणाऱ्या बाईंना कळवलं, त्यांनी कुरकुर न करता पार्सल परत मागवून स्पीड पोस्टाने पाठवलं. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. हा त्यांचा चांगुलपणा नोंदवून ठेवते, कारण खेड्यातल्या पिनकोडला ऑनलाइन दुकानं कशी वागवतात हे आपल्याला माहीत आहे. पॅकिंग उत्तम, बाटल्यांची तोंडं सेलोटेपने बंद केलेली, एक थेंब सांडला नव्हता.

आता कागद. आठ बाय आठ इंची चौकोनी वही, पानं ३०० जीएसएमची. जीएसएम म्हणजे त्या कागदाच्या एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. आपल्या नेहमीच्या वहीचा कागद त्याच्या पाव वजनाचाही नसतो, म्हणून त्यावर गोंद लावला की पान पापुद्र्यागत वाकडं होतं आणि रंग लावला की मागे उमटतो. या पानावर मी जेसोचे दोन हात, गोंद, कापड, रंग, पुन्हा गोंद असं सगळं घातलं. पान थोडं कमानलं. रात्रभर मशीनच्या फळीखाली दाबून ठेवलं, सकाळी सरळ.

वहीला शिलाई नाही, रिंगा आहेत आणि त्या उघडतात. विकणाऱ्यांनी या गोष्टीची जाहिरातही केलेली नाही, पण माझ्या दृष्टीने किटमधली सगळ्यात मोठी सोय हीच आहे, कारण पान सुटं काढून मशीनच्या पायाखाली घालता येतं. बांधीव वही असती तर माझं पान झालंच नसतं.

एक तक्रार मात्र आहे. हा कागद लाकडाच्या लगद्याचा आहे. चित्रकारांचा चांगला कागद कापसाचा असतो, तो जास्त पाणी पितो आणि खरडला तरी सोलत नाही. आम्ही हिंगणघाटच्या मार्केटला कापसाच्या गाड्या लावणारी माणसं, आणि आमच्या हातात लाकडाचा कागद. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचं काम होतं, हातकागद हा त्यातलाच एक उद्योग. चिंध्यांपासून कागद करणं या जिल्ह्याला नवं नाही. माझ्याकडे सुती चिंध्या पोत्याने पडल्या आहेत. या बाबतीत माझं मन अजून शांत झालेलं नाही, पण तो वेगळा विषय.

दुसरी वस्तू जेसो. जेसो म्हणजे रंग लावायच्या आधी कागदाला द्यायचा पांढरा हात. पूर्वी इटलीतले चित्रकार खडूसारखी पांढरी भुकटी जनावराच्या कातडीच्या सरसात कालवून लाकडी फळीवर लावायचे. आता बाटलीत मिळतो तो अ‍ॅक्रिलिकचा, १९५० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आला. त्यात खडूची भुकटी असते, पांढरा रंग असतो आणि वाळल्यावर पाण्याने न सुटणारं अ‍ॅक्रिलिक असतं. मी चुलीपुढच्या ओट्यावर बसून पहिला हात देत होते तेव्हा सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "कागदाले पोतारून राह्यली का वं?" पुस्तिकेतली जेसोवरची दीड पानं त्यांनी एका वाक्यात उरकली. भिंतीला पांढऱ्या मातीचा हात देतात तेच हे काम. खालचं झाकतं, आणि वर जे लावाल ते धरून ठेवायला खरबरीत अंग देतं.

जेसोचा हात पातळ द्यावा, एक आडवा, वाळला की दुसरा उभा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पहिला हात कडेपर्यंत पोचायच्या आत मधे वाळायला लागतो. पुस्तिकेत लिहिलंय की हेअर ड्रायरने वाळवा. ज्याने लिहिलं त्याला एकदा मेमध्ये आमच्या ओसरीत बसवायला पाहिजे. इथे उलटंच करावं लागतं, ब्रश ओला ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि सकाळी सातच्या आत काम उरकायचं. बाटलीचं झाकणही लगेच लावायचं, नाहीतर तोंडाशी साय धरते.

घरी जेसो करता येतो का, हे मी करून पाहिलं. रंगाच्या दुकानात खडूची पावडर मिळते ती, पांढरा गोंद, थोडा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग आणि पाणी. पुठ्ठ्यावर छान बसतो, खर्च नगण्य. पण जाड लावला तर पान वाकवताना तडकतो, आणि पांढरा गोंद वाळल्यावरही पाण्याने थोडा मऊ पडतो, त्यामुळे वरून ओला रंग फिरवला की खालचं ढवळून येतं. ज्या पानावर पुढे पाच वर्षं सुई घालायची आहे त्याला हे चालणार नाही. बाटलीतला जेसो सुईच्या भोकापाशी तडकला नाही, एवढ्यासाठी मी त्याला पूर्ण गुण देते. १०० मिलीची बाटली सहा-सात पानांना सहज पुरेल.

माझं पान असं आहे. मधोमध सहा इंच रुंद आणि अडीच इंच उंच पट्टा, त्यात अर्ध्या इंचाचे ६० चौकोन. आडव्या पाच ओळी म्हणजे पाच वर्षं, उभे बारा रकाने म्हणजे महिने. खातं मार्चमध्ये उघडलं म्हणून पहिला रकाना मार्चचा. हप्ता भरून आले की त्या चौकोनात हाताने एक फुलीचा टाका घालायचा. ज्या गिऱ्हाइकाच्या पैशातून हप्ता निघाला त्या ब्लाउजचाच दोरा वापरायचा, हा माझा नियम. मार्चचा राणी रंग लग्नाच्या ब्लाउजचा आहे, एप्रिलचा मोरपंखी, मेमध्ये लग्नसराईच होती म्हणून सोनेरी. जूनमध्ये शाळेचे गणवेश असतात, तो निळा.

कागदावर मशीन मारण्याबद्दल पुस्तिकेत एकच ओळ आहे, "हवं असल्यास शिवा". अहो, कसं? म्हणून इथे लिहून ठेवते. टाका मशीनवर होईल तेवढा मोठा ठेवायचा. टाका लहान असला की भोकं जवळजवळ पडतात आणि पान त्या रेषेवर फाटून हातात येतं. सुई १६ नंबरची, आणि ती जुनी. कागदाने सुईचं टोक बोथट होतं, तीच सुई नंतर रेशमी कापडाला लावली तर धागे ओढते, म्हणून ती वेगळी खुणेने ठेवायची. शेवटी मागेपुढे करून पक्कं करायचं नाही, तिथे कागदाचा भुगा होतो. दोरा लांब सोडायचा, मागे ओढून हाताने गाठ मारायची. मी आडव्या रेषाच मशीनने घातल्या. उभ्याही घातल्या असत्या तर चौकोनांच्या कोपऱ्यांवर भोकांची गर्दी होऊन पट्टा सुटला असता, म्हणून उभ्या रेषा पेन्सिलच्या. पानाच्या मागे अस्तराचं सुती कापड फेव्हिकॉलने चिकटवलं आहे, त्यामुळे दर महिन्याच्या सुईचा भार ते कापड घेतं आणि मागची गाठ कापडात बसते. जेसो लावलेल्या जाड कागदात हाताने सुई जात नाही, बोटाला अंगुस्तान लागतंच, आणि आधी दाभणाच्या टोकाने भोकं पाडून घेतलेली बरी.

जून ते सप्टेंबरच्या चार रकान्यांखाली मी गेरूचा हात दिला आहे. वर्षातला अडचणीचा काळ तोच. पेरणी, निंदण, फवारणी यात घरातला पैसा जातो, बायका ब्लाउज शिवून घेतात आणि म्हणतात, "ताई, कापूस निघाला का देतो." ते खोटं नसतं, दिवाळीनंतर खरंच देतात. पण टपालवाला दिवाळीपर्यंत थांबत नाही. म्हणून त्या चार रकान्यांचा पट्टा लाल ठेवला आहे, म्हणजे मे महिन्यातच पानाकडे पाहिलं की पुढचं दिसतं आणि लग्नसराईचे पैसे त्यासाठी बाजूला काढता येतात.

गेरू किटमधला अर्थातच नाही, घरातला. किटमध्ये पाच अ‍ॅक्रिलिक रंग आहेत, त्यातला एक फिकट गुलाबी आणि एक फिकट जांभळा. हे दोन रंग कोणाला लागतात कोण जाणे, तांबडा आणि काळा मात्र दिलेला नाही. कापडावर पेंटिंग करणाऱ्या बायकांकडे फेव्हिक्रिलच्या १५ मिलीच्या छोट्या बाटल्या असतात, त्या या पानावर तितक्याच चांगल्या चालल्या. गेरू मात्र सगळ्यांना पुरून उरला. चाळून घ्यायचा आणि पाण्याऐवजी किटमधल्या जेल मीडियममध्ये, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या घट्ट गोंदात, कालवायचा. नुसत्या पाण्यातला गेरू हाताला लागत राहतो, मीडियममधला वाळला की पक्का. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज असलेली माती, उन्हाने उडत नाही. हळदीचं मात्र तसं नाही. एका कोपऱ्यात हळदीचा हात दिला होता, खिडकीपाशी ठेवलेल्या पानावर तो बघता बघता फिका पडला. पळसाच्या फुलांचा रंगही टिकाऊ नाही, होळीपुरता ठीक. टिकायला हवं असेल तर गेरू आणि दिव्याची काजळी, एवढं ध्यानात ठेवा.

पार्श्वभूमीला चिकटवायला किटमध्ये जुन्या इंग्रजी पुस्तकाची पानं फाडून दिली आहेत. कुणाचं पुस्तक, कशाबद्दल, काही पत्ता नाही. ती मी बाजूला ठेवली आणि माझ्या उधारीच्या वहीतलं एक पान वापरलं. मूळ पान चिकटवलं तर हिशोब कुठे बघणार, म्हणून झेरॉक्सवरून छाप उतरवला. ही करामत पुस्तिकेत आहे आणि ती नीट समजावली आहे, त्याबद्दल शाबासकी. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट घ्यायची, कारण त्याची शाई म्हणजे प्लास्टिकची भुकटी असते, पाण्याने पसरत नाही. शाईच्या प्रिंटरवरची प्रिंट घेतली तर सगळं निळंजांभळं होऊन वाहून जातं. गिऱ्हाइकांची नावं चिठ्ठ्यांनी झाकून मी सेवा केंद्रातून झेरॉक्स काढून आणली. पानावर जेल मीडियमचा सारखा थर द्यायचा, झेरॉक्स पालथी घालायची, पोत्याच्या सुईच्या डबीने किंवा लाटण्याने हवा काढायची आणि पूर्ण वाळू द्यायची. मग वरचा कागद ओल्या बोटाने चोळायचा. कागदाच्या बारीक सुरळ्या निघत जातात आणि खालून आकडे वर येतात. पहिल्या चोळण्यात सगळं साफ दिसतं, पण वाळलं की पांढुरकी साय धरते, पुन्हा ओलं करून चोळावं लागतं. जोर केला तर अक्षरही निघून येतं. बोटाचं कातडं दुखेपर्यंत चोळलं तेव्हा "बाकी १८०" अगदी स्वच्छ उठलं.

छाप उलटा येतो, आरशात दिसावा तसा. सरळ हवा असेल तर सेवा केंद्रातल्या पोट्ट्याला सांगून प्रिंटच उलटी काढून घ्यायची. मला उलटाच हवा होता. आकडे दिसावेत पण कुणी ओसरीत बसल्या बसल्या वाचू नयेत.

चिकटवण्याबद्दल थोडं. जेल मीडियम ५० मिली दिलं आहे, ते छाप उतरवण्यात आणि गेरूत संपलं. कापडाला फेव्हिकॉल पुरतो, पाणी न घालता, पातळ हात. मैद्याची किंवा चिंचोक्याची खळ लावायचा मोह होतो, पण खळीला कसर लागते. जुने बुकबाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद घालायचे. आमच्याकडे संत्र्याच्या बागा असणाऱ्यांच्या घरी झाडांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतोच, पण तो विषारी, हाताने कालवायची वस्तू नव्हे, आणि कागदाला निळसर झाक येते. गोंदच बरा.

पुस्तिकेत एक गोष्ट वाचून मात्र मजा आली. पिकासोने १९१२ साली चित्रात खुर्चीची वेताची वीण काढायची तर ती काढलीच नाही, तशी नक्षी छापलेलं मेणकापड आणून चिकटवलं आणि चित्राच्या भोवती चौकटीऐवजी दोर लावला. मोठी माणसं रंगवायचा कंटाळा करून कापड चिकटवतात आणि त्याचा इतिहास होतो. मी माझ्या पानाच्या कडेने ब्लाउजच्या गळ्याला लावायची पायपिन लावली आहे, दोरी घालून.

आता राग येण्याजोग्या गोष्टी. स्टेन्सिलवर इंग्रजीत "ड्रीम बिग" आणि "यू कॅन" कोरलंय, ते माझ्या पानावर कुठेच बसेना. मी खताच्या चुंगडीचा, म्हणजे पोत्याचा, तुकडा रंगात बुडवून ठसा घेतला, त्याची वीण इतकी देखणी उठली की स्टेन्सिल तसंच पाकिटात आहे. ब्रशचे केस गळतात आणि जेसोत अडकून बसतात, चिमट्याने काढत बसावं लागतं. वॉशी टेप म्हणून नक्षीची चिकटपट्टी दिली आहे, ती जेसोच्या खरबरीत अंगावर धरत नाही, दुसऱ्या दिवशी कड उचलते. ऑइल पेस्टलच्या कांड्या दिल्यात, पण त्या सगळ्यात शेवटी वापरायच्या हे कुठेही लिहिलेलं नाही. तेलकट कांडीवर अ‍ॅक्रिलिक रंग धरत नाही, वाळला तरी पापुद्रे निघतात. नव्या माणसाचं पान यातच वाया जाईल. आणि पुस्तिका सगळी इंग्रजीत. माझी मुलगी होती म्हणून निभावलं. मराठी चार पानं छापायला कितीसा खर्च येतो?

सगळ्यात मोठी राहिलेली गोष्ट म्हणजे पानं एकमेकांना चिकटणं. अ‍ॅक्रिलिकचा रंग वाळला तरी उष्णतेने आणि दमटपणाने किंचित मऊ राहतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात वही मिटून ठेवली की समोरासमोरची पानं धरतात, पावसाळ्यात तर विचारूच नका, आणि ओढली की एकीचा रंग दुसरीवर. मुलीच्या वहीतली दोन पानं अशी गेली. उपाय माझ्याकडे होता, मापं काढायचा बटर पेपर. प्रत्येक दोन पानांमध्ये एक तुकडा घालून ठेवा. मेणबत्ती हलकेच घासली तरी चालते, पण मग त्यावर पुढे काही लावता येत नाही, आणि माझ्या पानावर तर अजून साडेचार वर्षांचं काम बाकी आहे. वही आडवी ठेवायची, वर वजन ठेवायचं नाही.

घरच्यांचं मत विचाराल तर आमचे हे म्हणाले, "पासबुक हाय नं, मंग हे काहून?" प्रश्न रास्त आहे. पासबुकात भरलेला हप्ता दिसतो, न भरलेला दिसत नाही. पानावर रिकामा चौकोन दिसतो, आणि ते पान रिंगेतून काढून ओसरीत मशीनच्या समोर खिळ्याला लटकवलेलं असतं. गिऱ्हाइक बायका बोट लावून विचारतात. एकीने तर ऑगस्टच्या चौकोनाकडे पाहून पर्समधून जुनी बाकी काढून दिली, मी मागितली नव्हती. ऑगस्टची फुली तिच्याच ब्लाउजच्या पोपटी दोऱ्याची आहे. दुसरी मात्र म्हणाली, "माह्यं ब्लाउज झालं का नाई, तं हे काय करून राह्यली?" तिचंही बरोबर.

तर घ्यायचं का? तुमच्या जवळ नागपूर किंवा वर्धा असेल, जाणं-येणं असेल, तर ३०० जीएसएमच्या कागदाची रिंगवाली वही आणि जेसोची लहान बाटली सुटी घ्या, जमलं तर जेल मीडियम. गेरू, दोरा, अस्तर, चुंगडी, झेरॉक्स गावात आहे. शहर लांब असेल आणि एका पार्सलात सगळं यायला हवं असेल, तर किट घ्या, पण ऑर्डर देतानाच स्पीड पोस्टाने पाठवा असं लिहा. पाचपैकी साडेतीन गुण. मराठी पुस्तिका, काळा-तांबडा रंग आणि चांगला ब्रश दिला तर साडेचार देईन. वॉशी टेप कुणाला हवी असेल तर माझ्याकडे तशीच पडली आहे, समुद्रपूरकडे आलात तर घेऊन जा.